पाण्याच्या नळीतली रेघ

आता मी जे सांगणार आहे ते कुणालाही खरं वाटणार नाही, आणि वाटावं अशी माझी अपेक्षाही नाही. साध्या पाण्याला रोग झाला होता. मी तो या डोळ्यांनी पाहिला.

नव्या सुनेला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली, त्या संध्याकाळी चहा उकळेपर्यंत मी तिला हे ऐकवायला घेतलं. जिची ही गोष्ट, ती माझी धाकटी बहीण खिडकीशी बसून उसवलेली उशी शिवत होती. तिला आम्ही थेंबी म्हणतो. मुंगीच्या डोळ्यात मावेल एवढा थेंब ती मोजून उचलायची म्हणून. तिने मान वर केली नाही. ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकून ऐकून तिला पाठ झाली आहे.

आम्ही दोघंही एकाच प्रयोगशाळेत होतो. मी सामानाच्या खोलीत, ती आत, टेबलापाशी. काम कोळंबीची पिल्लं तपासायचं. हॅचरीवाले टाक्यांमधून पिल्लं वाढवतात, आणि त्यांच्यात विषाणू शिरला की विकत घेणाऱ्याचं तळंच्या तळं मरतं. म्हणून विक्रीआधी पिल्लं आमच्याकडे यायची. थेंबी ती कुटून त्यांतला डीएनए वेगळा करायची, नळ्या भरायची आणि पीसीआरच्या यंत्रात लावायची. ते यंत्र म्हणजे नकलांचा कारखाना. विषाणूचा एखादाच तुकडा सापडला तरी त्याच्या नकला, नकलांच्या नकला काढत सुटतं. मग मागच्या खोलीत त्या नकला जेलमध्ये, म्हणजे खरवसासारख्या मऊ वडीत सोडायच्या आणि दिव्याखाली धरायच्या. चमकती रेघ दिसली की रोग आहे.

यात एक नळी नेहमी नुसत्या पाण्याची असायची. ती कोरी राहिली पाहिजे. ती कोरी, तर बाकीच्यांची साक्ष खरी.

आमचे साहेब हाडाचे संशयी. आरशासमोर उभे राहिले तर आतल्या माणसाकडे ओळखपत्र मागतील. जेवणाचा डबा उघडला की आधी बायकोला फोन लावायचे आणि तिच्या चावण्याचा आवाज ऐकूनच पहिला घास घ्यायचे. सून हसली. मी म्हटलं, हस, पण पुढचं ऐक.

एक दिवस पाण्याच्या नळीत रेघ आली.

दारात हॅचरीवाला बसलेला. टाक्या भरून पिल्लं तयार, गिऱ्हाईक खोळंबलेलं. रोग असेल तर सगळ्या टाक्यांत ब्लीच ओतायचं, नसेल तर माल गाडीत चढवायचा. पण पाणीच आजारी म्हटल्यावर पिल्लांचं काय सांगणार? त्याला परत पाठवला. दुसऱ्या दिवशी पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, नळ्यांची नवी पाकिटं मी स्वतः काढून दिली. रेघ आणखी ठळक.

साहेबांना उमगायला वेळ लागला नाही. थेंबी आमच्याकडे येण्याआधी समोरच्या प्रयोगशाळेत होती. रस्ता ओलांडला की त्यांचा दरवाजा. आमचं नाव बुडालं की गिऱ्हाइकं तिकडेच जाणार. झालं, सगळं जुळलं. त्यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, “बाई, तुमचे हात पगार कुणाचा घेतात?”

“पाण्यात मी काय घालणार, सर? रोग कुठं विकत मिळतो?”

“समोर मिळत असेल.”

त्या दिवसापासून आमच्याकडे कुणी कुणाकडे सरळ बघेना. झाडूवाल्या मावशी तिच्या टेबलाखालून झाडू फिरवायला तयार नाहीत, उद्या आपल्यावर यायचं म्हणून. ड्रायव्हर तिच्या हातचा कप घेईना. मला तर साहेबांनी बोलावून सांगितलं की बहीण असली तरी तिच्या पिशवीवर नजर ठेवा, आणि मग ड्रायव्हरला सांगितलं की माझ्यावर ठेव. तो बिचारा माझ्यामागे स्वच्छतागृहापर्यंत यायचा. थेंबी स्वतःच्याच हातांकडे संशयाने बघायला लागली. घरी आली की कोपरापर्यंत साबण लावायची. या कामातून बोट दाखवून काढलेल्या माणसाला दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही, आणि तिला दुसरं काही येत नव्हतं, यावंसं वाटतही नव्हतं.

मागून पुढे येऊन डोकावायची साहेबांना सवय होतीच, आता तो नेमच झाला. मागच्या खोलीत जेल बघायचं, रेघ दिसली की संतापून तसंच पुढे यायचं आणि थेंबीच्या पाठीशी उभं राहायचं. तिच्या खांद्यावरून ओणवं होऊन एकेक नळी भरताना बघायचं. जितकं ते बघत, तितकं पाणी चमके.

मध्ये ते तापाने पडले. तेवढे दिवस पाणी कोरं. कुणीही म्हणालं असतं की चला, मिटलं. साहेब अंथरुणातून म्हणाले, बघा, किती हुशार आहे, बघायला कुणी नसलं की बरोबर काम करते.

बरे होऊन आले ते थेट निकाल लावायलाच. थेंबीला घरी बसवलं, सामान ठेवून घेतलं. तिची पिशवी, कंगवा, चपला, पेन, दाराची कडी, खुर्ची, सगळ्यांवरून स्वतःच्या हाताने ओला कापूस फिरवला आणि ते बोळे परगावच्या प्रयोगशाळेत धाडले. आपल्या यंत्रावरचाही त्यांचा विश्वास उडाला होता. इतका कसून तपास मी जन्मात पाहिला नाही. पोलिसांनी शिकवणी लावावी.

उत्तर आलं. पिशवी कोरी. कंगवा कोरा. चपला, पेन, कडी कोरी. रेघ एकाच बोळ्यावर, खुर्चीच्या पाठीवरून फिरवलेल्या. जिथे थेंबी कधी हात लावत नव्हती, आणि तिच्यावर नजर ठेवताना साहेब रोज हात टेकत होते.

सुनेच्या लगेच लक्षात आलं. “मागच्या खोलीतून तसेच यायचे ना? त्याच एप्रनने? बाबा, तिथं तर नकलांचा पाऊस असतो, हाताला, कपड्यांना चिकटून त्या पुढे येतात. आमच्याकडे मागून पुढे कुणाला येऊच देत नाहीत.”

मी म्हटलं, तेच तर. रोग घेऊन येणारे साहेब, आणि शोधणारेही साहेब. मग काय विचारतेस? दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या घरी आले. अनवाणी. या इथे, याच उंबऱ्यात उभे राहिले आणि थेंबीला म्हणाले, बाई, माझं चुकलं. डोळ्यांतून असं पाणी लागलं की आमचं पायपुसणं पिळावं लागलं. आणि ते पाणी, सांगतो तुला, एकदम कोरं होतं. मग तिला मानाने गाडीत बसवून घेऊन गेले, सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

सून या वेळी हसली नाही. तिने खिडकीकडे, थेंबीकडे बघितलं.

“मग आत्यांनी काम का सोडलं?”

मी म्हटलं, अगं, काही नाही, लग्न ठरलं, मग घर, मग—

“दादा, पुरे,” थेंबी म्हणाली. सुई तिने उशीत टोचून ठेवली. “कुणी आलं नाही उंबऱ्यात. निरोपसुद्धा आला नाही. वाट बघून मीच गेले. खुर्ची नवी होती, आणि तिच्यावर मुलगीही नवी. हातमोजे मोठे होत होते तिला, सारखे निसटत होते. लहान मापाचे कुठल्या खणात असतात ते तिला दाखवलं, आणि आले.”