घरातल्या माणसाची चाल

एक पाय ओढत, हातात नसलेला दांडा धरून ती हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मागोमाग अकराजणी तशाच पाय ओढत गेल्या. मध्येच तिने कंबरेवर हात ठेवून उसासा टाकला, तर मागून अकरा उसासे आले. हसून हसून मुलींची पुरेवाट झाली.

शाळेत याला नाचाचा तास म्हणत, पण दोन महिन्यांत कुणी एक स्टेप शिकवली असेल तर शपथ. समुपदेशक ताई यायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि तोंडाने सांगता येत नाही ते अंगाने सांगा म्हणायच्या. आज आरशाचा खेळ होता. एकीने घरातल्या एका माणसाची चाल आणायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागे तसंच चालायचं. तिने आजोबांची चाल ठरवून ठेवली होती. पण उभी राहिली आणि पाय आपोआप ओढला गेला.

"अगं, ही तर आपल्या मावशींची चाल," चष्मेवाली म्हणाली.

मावशी म्हणजे शाळेची फरशी पुसणाऱ्या. सगळ्या शाळेच्या मावशी, तिची मात्र आई. या शाळेत आली त्या पहिल्याच दिवशी मैत्रिणींसमोर तिच्या तोंडून 'मावशी' निघून गेलं. आईनेही 'काय गं पोरी' म्हणून ओ दिली आणि मग तेच नाव पडलं ते पडलंच. वर्ष होत आलं होतं.

ताईंनी आठवण करून दिली, की माणूस घरातलं हवं होतं.

"घरातलं कुणी सुचलं नाही ताई. म्हणून मावशींना घेतलं."

चला, वेळ मारून नेली, असं तिला वाटलं आणि तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. बादली घेऊन आई उभी होती. कधीपासून कोण जाणे. जमिनीने पोटात घ्यावं म्हणावं, तर ती जमीनही आईनेच सकाळी पुसलेली.

हसणं एकदम बंद झालं. ताईसुद्धा ओशाळल्या. हसली ती फक्त आई.

"चुकलं पोरी. माझा डावा दुखतो. तू उजवा ओढलास."

मुलींना पुन्हा हसायला सापडलं. ताईंनी माफी मागितली आणि म्हणाल्या, आता तुम्हीही घरातलं कुणीतरी आणा. मला मेलीला कुठलं नाचता येतंय, असं म्हणत आईने आढेवेढे घेतले. मग बादली भिंतीशी ठेवली, हात पुसले आणि चालू लागली.

हनुवटी वर, एका खांद्यावर दप्तर, झपझप. दुखरा पायसुद्धा तिने दिसू दिला नाही. दहाएक पावलांवर ती थांबली, वाकली, बुटाची लेस बांधू लागली. बांधता बांधता काखेखालून हळूच मागे पाहिलं. मग उठून पुन्हा झपझप.

अकराजणी तशाच चालल्या, तशाच वाकल्या. लेक मात्र जागची हलली नाही.

चष्मेवालीने विचारलं, ही कोण?

"माझी मुलगी. सकाळी पुढे पुढे चालते, माझ्याबरोबर दिसायला नको म्हणून. चालायचंच, वय आहे. पण कोपऱ्यावर लेस बांधते. सुटलेली नसते हं. मी येतेय ना, कुठे पडले नाही ना, तेवढं बघते."

कुठल्या शाळेत आहे, हेही कुणीतरी विचारलं.

"आहे एका चांगल्या शाळेत." आई कुणाकडे न बघता बादलीकडे वळली.

लेसचं गुपित फक्त आपल्यालाच ठाऊक, असं ती वर्षभर समजत होती. आईला ते माहीत होतं. पुढे चालण्याचं कारणही माहीत होतं. तरी आत्ता, एवढं ऐकल्यावरसुद्धा, आई तिलाच सांभाळून घेत होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

आईने बादली उचलली तशी ती पुढे झाली आणि कडीला हात घातला.

"दे इकडे, आई."

चष्मेवाली चष्मा काढून पुसत बसली. आईने कडी लगेच सोडली नाही.

"बरं, धर," ती म्हणाली. "पण हळू चाल. तुझ्याएवढं झपझप मला जमत नाही."