बारक्याची छाती कोण तपासणार?

बारक्या चौदा वर्षांचा होता आणि त्याच्या मते या एका वर्षात तो सात वेळा मरता मरता वाचला होता. नाव बारक्या असलं तरी तो ताडासारखा वाढला होता. विजारी घोट्याच्या चार बोटं वरच थांबायच्या. उंची वाढली तशा शंकाही वाढल्या. जीभ पांढरी दिसते, उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. सगळ्यांत मोठी शंका छातीची. हृदय मध्येच एक ठोका गाळतं, मग चूक लक्षात आल्यासारखं एक जोरात टाकतं.

आई लाँड्री चालवायची. तिला सांगितलं की ती इस्त्रीवरची नजर न काढता म्हणायची, "तुला काहीही झालेलं नाही. ती चादर धर त्या टोकाला." बाबा बस चालवायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुझ्या वयात मला आजारी पडायला वेळच नव्हता."

ऐकून घेणारी एकच, मावशी. आईची ही धाकटी बहीण दर शनिवारी फोन करायची. "बोल रे राजा, या आठवड्यात काय?" बारक्या सगळं सांगायचा आणि ती एकदाही हसायची नाही. उलट विचारायची, "काजवे म्हणजे कसे? एका डोळ्यासमोर की दोन्ही?" इतक्या आस्थेने कुणी विचारलं की माणसाला निम्मं तिथेच बरं वाटतं.

मावशी टीव्हीसाठी मालिका लिहिते, हे बारक्याला ठाऊक होतं. सध्या कोणती, हे त्याने विचारलं नव्हतं. स्वतःच्या प्रकृतीतून सवड होती कुठे?

एका गुरुवारी लाँड्रीतल्या टीव्हीवर 'आज काय दुखतंय?' ही मालिका लागली आणि गिऱ्हाइकं कपडे विसरून खुर्च्या ओढून बसली. पडद्यावर एक लंबू मुलगा आरशापुढे जीभ काढून उभा होता. "आई, माझं हृदय एक ठोका गाळतं गं."

अरेरे, बारक्याला वाटलं, या बिचाऱ्यालाही माझाच आजार!

पडद्यावरची आई म्हणाली, "तुला काहीही झालेलं नाही. ती चादर धर त्या टोकाला."

गिऱ्हाइकं खो खो हसली. बारक्याने आईकडे पाहिलं. आई एकदम कॉलरीला इस्त्री करण्यात गढून गेली. हातात टॉवेल आहे आणि टॉवेलला कॉलर नसते, हे तिच्या ध्यानात आलं नाही. शेवटी पडद्यावर लेखिका म्हणून मावशीचं नाव सरकलं.

शनिवारी फोन वाजला. "बोल रे राजा."

"काही नाही. ठणठणीत आहे."

"जीभ?"

"गुलाबी."

"काजवे?"

"विझले."

मावशी पेन उघडून बसली होती. सोमवारी चित्रीकरण होतं आणि कागद कोरा होता. "आणि छाती?" तिने विचारलं.

"ते मी आता डॉक्टरांनाच विचारीन," बारक्या म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

डॉक्टरकडे एकट्याने जायचं कसं, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. सोमवारी तो शाळेतून थेट मावशीच्या स्टुडिओत गेला, भांडायला. मावशी आत दिग्दर्शकाशी वाद घालत होती. बाहेर पुठ्ठ्याच्या दवाखान्यात पांढरा कोट घातलेला एक नट चहा पीत बसला होता. हा माणूस अकरा वर्षं निरनिराळ्या मालिकांत डॉक्टरच होता. बारक्याने विचार केला, अकरा वर्षांत थोडं तरी कळलं असेलच की!

"काका, माझी छाती तपासता?"

नटाचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत कॅमेरा नसताना असं कुणी विचारलं नव्हतं. "बस. शर्ट वर कर. खोल श्वास घे." त्याने गळ्यातली नळी कानांना लावली, दुसरं टोक बारक्याच्या छातीवर टेकवलं, भुवया आक्रसल्या. जागा बदलली. पुन्हा बदलली.

"काय झालं, काका?"

"काहीच ऐकू येत नाही रे," नट प्रामाणिकपणे म्हणाला.

मावशी बाहेर आली तेव्हा तिचा भाचा पांढराफटक पडून खुर्चीला घट्ट धरून बसला होता. "मावशी," तो पुटपुटला, "बंद पडलंय."

"बंद कसलं?" सामान सांभाळणारा माणूस धावत आला. "काका, त्या नळीत मी कापूस कोंबलाय! हलली की माइकमध्ये शिट्टी वाजते."

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नट तर टेबलावर कोसळला. मावशीही हसली, पहिल्यांदाच, बारक्याच्या देखत.

"हसा," बारक्या म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "सोळा भाग झाले ना? त्या मुलाला एकदा तरी कुणी डॉक्टरकडे नेलं? सगळे म्हणतात, काही झालेलं नाही. कसं कळलं तुम्हाला?"

"अरे, नेलं तर मालिकाच संपे..." मावशी बोलता बोलता थांबली. मग तिने पर्स उचलली. "चल."

"बाई, आजचा प्रसंग?" दिग्दर्शक ओरडला.

"मालिकेतल्या पोराला जीभ काढून उभं करा. मी येते."

चौकातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी काही हसण्यावारी नेलं नाही. बसवून ऐकलं, झोपवून ऐकलं, पाठीवरून ऐकलं. यंत्राच्या तारा लावून हृदयाचा लांब कागदी आलेख काढला. मग त्यावर एका जागी बोट ठेवलं. "हा बघ. गाळला ठोका."

"बघ!" बारक्या मावशीकडे वळून इतक्या आनंदाने ओरडला, जणू पहिला नंबर आला होता.

"वाढीच्या वयात पुष्कळ मुलांचं होतं असं," बाई म्हणाल्या. "तुला चक्कर येत नाही, दम लागत नाही, बाकी आलेख छान आहे. चांगला चालणारा माणूसही कधी ठेचकाळतो, म्हणून तो लंगडा होत नाही. धाव, खेळ. सहा महिन्यांनी पुन्हा दाखव."

मावशी हळूच म्हणाली, "मी तुझं सगळं ऐकत होते रे. पण लिहायला ऐकत होते. चुकलंच माझं."

बाईंनी आपली नळी बारक्याच्या कानांत घातली होती आणि तो स्वतःचं हृदय ऐकत होता. डोळे मोठे, तोंड अर्धवट उघडं. मावशीचा हात सवयीने पर्समधल्या पेनाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

"झालं का? बाहेर अकरा पेशंट आहेत," बाई म्हणाल्या.

"शूऽऽ!" बारक्याने बोट वर केलं. "आता गाळेल बघा."

तिघंही श्वास रोखून थांबली. हृदय मात्र पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभ्या केलेल्या शहाण्या मुलासारखं एकही ठोका न चुकवता चालत राहिलं.