मदिनाच्या पाठीची अंधूक प्लेट

मित्रांनो, चिंचवडच्या एका इस्पितळातले, चाकांवर ढकलत नेले जाणारे जुने एक्स-रे यंत्र म्हणजे मी. १९७१ साली येथे आले. पहिली काही वर्षे कारखान्यात प्रेसखाली चेंगरलेली बोटे टिपण्यात गेली. मला चालवत ते उद्धवराव. चित्र घेताना माझा लोखंडी हात जरासुद्धा हलू नये, म्हणून ते रोज त्याचे स्क्रू आवळत.

पुढे डॉक्टर मधुसूदन पाठीच्या शस्त्रक्रिया करू लागले. काहींच्या मज्जारज्जूवर रक्तवाहिन्यांचा गुंता होतो आणि पाय लुळे पडत जातात. डॉक्टर पाठ उघडून त्या गुंत्याला रक्त पुरवणारी वाहिनी दोऱ्याने बांधून बंद करत. मग मांडीतून घातलेल्या बारीक नळीने एक्स-रेत उठून दिसणारे औषध रक्तात सोडायचे आणि टेबलावरच प्लेट घ्यायची. एखादी वाहिनी बांधायची राहून गेली असली, तर ती प्लेटवर उमटे. देहूच्या एका शिक्षिकेची अशी वाहिनी सापडली आणि त्या चालत घरी गेल्या. तेव्हा माझे फार कौतुक झाले.

मग स्क्रू आवळूनही माझा हात ढिला पडू लागला. उद्धवरावांनी तीनदा लेखी कळवले. वरून उत्तर आले, बोटांची चित्रे तर नीट निघतात.

१९७९ मध्ये याच दुखण्यासाठी मदिनाला आणले. तिचा नवरा फारूक चाकण रस्त्यावर मोटारी दुरुस्त करायचा. ती आता भिंत धरूनच चालत होती. उद्धवरावांनी माझ्या हाताबद्दल सांगितले. पण थांबलो तर आहे तेवढी ताकदही जाईल, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले.

वाहिनी बांधली. औषध सोडले. बटण दाबले आणि माझा हात घसरला. प्लेट अंधूक आली. दुसऱ्या वेळी उद्धवरावांनी मला दोन्ही हातांनी धरले, तरी तेच. मदिनाचे ब्लडप्रेशर उतरत चालले होते. डॉक्टरांनी पाठ शिवली.

तिसऱ्या दिवशी राहून गेलेली वाहिनी फुटली. मदिनाच्या कमरेखाली ना ताकद उरली, ना जाणीव.

"फोटोत काय दिसलं होतं, साहेब?" फारूकने उद्धवरावांना विचारले.

"काहीच नाही, फारूकभाई. मशीन ढिली होती. मी अडून बसायला हवं होतं."

फारूक माझ्याजवळ आला. त्याने माझा हात हलवून पाहिला.

"वॉशर झिजलाय," तो हळू म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम होतं."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच नवा वॉशर बसवला. तेव्हापासून माझा हात घसरलेला नाही. मदिना मात्र पुन्हा उभी राहिली नाही.

मित्रांनो, यंत्र कुरकुरले की ते वेळीच उघडून पाहा. आम्हाला सांगता येत नाही, आणि सोसावे लागते ते दुसऱ्याच कोणाला.