मूळ पट्टीत

माझी बायको इरिदे वारली त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून मी गायलो नव्हतो. पार्माच्या थिएटरने ऑपेरात टेनर, म्हणजे उंच आवाजाचा गायक, म्हणून बोलावलं आणि मी हो म्हणालो.

तालमीत वाद्यवृंदाचा संचालक कोर्राडो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिसऱ्या अंकातलं गाणं अर्धी पट्टी खाली घेऊ. साठीला आलात तुम्ही. शेवटचा वरचा स्वर लागला नाही तर? सगळेच टेनर उतरवतात. कुणाला कळतंय?"

"गॅलरीला कळतं," मी म्हणालो. "सांगतो उद्या."

तरुणपणी याच थिएटरात तोच स्वर माझा चिरकला होता. पहिली शिट्टी गॅलरीतून आली. पार्मात शिट्टी म्हणजे हुर्यो. मी तोंडावरच्या रंगासकट जिने चढून भांडायला वर गेलो. शिट्टीवाली मुलगी पावात हॅम घालून खात होती.

"घाबरत गातोस," ती म्हणाली. "स्वर आहे तुझ्याकडे. घे, खा."

पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. तरी ती गॅलरीतच बसायची, तेही तिकीट काढून. म्हणायची, फुकट पास घेतला की शिट्टी वाजवता येत नाही. प्रयोग चांगला झाला तरी घरी सूप वाढताना एकच बोलायची, "लवकर सोडलास." तो शेवटचा स्वर तिला कधीच पुरला नाही.

तालमीहून येताना हॅमवाल्या ग्वाल्तिएरोच्या दुकानात गेलो. गॅलरीत तो तिच्या शेजारी बसायचा.

"काय रे एर्मेस, पट्टी उतरवतोस म्हणे?"

"तुला कोण बोललं?"

"तुमचा ट्रम्पेटवाला माझंच गिऱ्हाईक आहे. उतरव की! म्हातारा झालास. तिच्या खुर्चीचं तिकीट आम्ही गॅलरीवाल्यांनी वर्गणी काढून घेतलंय. रिकामी ठेवणार आहोत. तिकडे मात्र बघू नकोस."

"आणि तू शिट्टी वाजवशील."

"दोन. एक माझी, एक तिची. हॅम जाड कापू की पातळ?"

दुसऱ्या दिवशी कोर्राडोला सांगितलं, "मूळ पट्टीत."

"आणि फुटला तर?"

"शिट्टी माझ्या ओळखीची आहे. तू वाद्यवृंद सांभाळ."

प्रयोगाला थिएटर भरलं होतं. तिसऱ्या अंकात ते गाणं आलं. मी घाबरलो नाही. स्वर लागला. कडेला थोडा खरखरीत होता, पण पुरा होता, जिथे लागायला हवा तिथेच लागला. मी तो सोडला. मग वरून ग्वाल्तिएरो ओरडला,

"लवकर सोडलास!"

गॅलरी हसली. हसता हसता टाळ्या सुरू झाल्या आणि सगळे ओरडायला लागले, "परत! परत!" कोर्राडो माझ्याकडे बघून नको नको अशी मान हलवत होता. मी वर बघितलं. रिकामी खुर्ची लगेच सापडली. तिच्यावर कुणीतरी पाव आणि हॅम ठेवलं होतं.

मी कोर्राडोला खूण केली. त्याने हात उचलले, वाद्यं पुन्हा सुरू झाली.

या वेळी तो शेवटचा स्वर श्वास संपेपर्यंत सोडला नाही.