सरकारी पाळण्याचं बारसं

साल दोन हजार अठरा. आमच्या जिल्ह्याला तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणत, आणि ईट गावाहून आमच्या गावाकडं येणाऱ्या रस्त्यावर अजून डांबर पडलं नव्हतं. त्या वर्षी संक्रांत झाली आणि गावात सरकारचं पाळणाघर आलं. मी त्याच्या समोरच राहते, त्यामुळं सगळं डोळ्यांदेखत झालं.

आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या फार. सकाळी दुधाचे कॅन आले की बायका कढईपुढं उभ्या राहतात, आणि दुपारपर्यंत हातातलं उलथणं थांबत नाही. थांबलं की दूध खाली लागतं. मीही तरुणपणी बलभीमरावांच्या वडिलांच्या भट्टीवर होते. लेकराच्या पायाला लुगड्याची पट्टी बांधायची आणि दुसरं टोक लिंबाच्या बुंध्याला. लेकरू रांगायचं, माती खायचं, रडून रडून झोपायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, सगळ्याच तसं करायच्या. तुमची लेकरं सांभाळायला सरकार माणूस ठेवील, असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही तोंडाला पदर लावून हसलो असतो.

आणि नेमकं तेच झालं. बंद पडलेल्या दूध केंद्राची खोली रंगवून घेतली. चार नवे पाळणे टांगले, सतरंज्या आल्या, खेळणी आली. दुपारची खिचडी तिथंच. सेविकेचा पगार, खाऊ, औषधं, सगळा भार सरकारचा. घरच्यांनी महिन्याला नावापुरतं काहीतरी द्यायचं. सेविका म्हणून शिवकन्या लागली. उमरग्याकडची पोर, वर्षापूर्वीच आमच्या गावात शिवशरणला दिलेली. बोलताना मधूनच कानडी शब्द यायचा, आणि बोलायचीही भरभरून.

ह्या पाळणाघराची सगळ्यात जास्त गरज होती ती दीपालीला. ती धनगराची सून. नवरा बिराप्पा मेंढरं घेऊन लांब नदीकाठाला गेलेला, सासू म्हाळसाबाई दिवसभर शेळ्यांमागं. दीपाली बलभीमरावांच्या भट्टीवर. तिच्या हातचा खवा कधी करपायचा नाही. पण तिची ज्ञानेश्वरी आता रांगायला लागली होती, आणि बलभीमरावांनी एक दिवस सांगून टाकलं, "पोर घेऊन भट्टीवर यायचं न्हाय, दीपाली. उद्या कढईला हात लावला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

त्यांचं चुकत नव्हतं. लेकराची सोय झाली नाही तर दीपालीला काम सोडून, पोरीला झोळीत घालून नवऱ्याच्या मेंढरांमागं जावं लागणार होतं. आज ह्या रानात, उद्या त्या रानात. तिला ते नको होतं. "आक्का," ती मला म्हणायची, "मेंढरं वाईट न्हायती. पण माझी पोरगी एका गावात वाढू दे, एका शाळेत जाऊ दे."

मग उद्घाटनाच्या दिवशी घोटाळा झाला.

सरपंच रामहरी नवं पागोटं बांधून आले. नारळ फुटला, रिबीन कापली. फोटोवाला म्हणाला, "सरपंच, नुसतं उभं राहू नका, पाळणा हलवा जरा." रामहरींनी हलवला. एक झाला, मग चारही हलवले, आणि फोटोवाल्याकडं बघून हसले. मागं उभ्या असलेल्या बायकांनी कडेवरची लेकरं छातीशी धरली. रिकामा पाळणा हलवू नये, त्यात पुढं निजणाऱ्या लेकराचं पोट दुखतं, हे आम्ही कळायला लागल्यापासून ऐकलेलं. पण पाहुण्यांपुढं सरपंचाला टोकायचं कुणी?

दुसऱ्या दिवशी खोली उघडली, एकही लेकरू आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दीपालीनं तेवढ्यापुरतं पोरीला माझ्याकडं आणून ठेवलं, पण माझ्या गुडघ्यांनी रांगत्या पोरीमागं कुठवर पळायचं? शिवकन्या घरोघर फिरली. एकीनं सांगितलं, "उद्या आणते." दुसरी म्हणाली, "अंगात कसर हाय त्याच्या." खरं कुणीच सांगेना. परगावची पोर, पदवी झालेली, हसेल म्हणून सगळ्या गप्प. पाळणाघर चालवणारी संस्था तालुक्याची. तिकडून निरोप आला: सोमवारी तपासणीला बाई येतील, लेकरं नसतील तर पाळणे दुसऱ्या गावाला हलवू.

शनिवारी दिवस मावळायच्या आत शिवकन्या मला घेऊन म्हाळसाबाईच्या वाड्यावर गेली. वाडा म्हणजे शेळ्यांचा. काटेरी कुंपण आणि पुढं एक खोली. म्हाळसाबाई शेळ्या आत घेत होती.

"मावशी, माझं काही चुकलं का?" शिवकन्यानं विचारलं.

"तुझं काय चुकायचंय? त्या पागोटेवाल्याचं चुकलं. मोकळा पाळणा हलीवला. चारी हलीवले! एक तरी सोडायचा."

"मग मी ज्ञानेश्वरीला सतरंजीवर निजवते."

"अन् तू घटकाभर बाहीर गेलीस, अन् दुसऱ्या कुणी उचलून पाळण्यात घातली तर? न्हाय बाई. सोमवारी पाळणं जाऊ दे. सून जाईल मेंढरांमागं. आमी न्हाय का गेलो?"

दीपाली दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

मला वाटलं, आता ही शिकलेली पोर काहीतरी समजावून सांगायला बसणार. ती शेळीच्या करडाला बाजूला सारून खाली बसली आणि म्हणाली, "ह्याला इलाज असेल ना काही? तुम्ही सांगा, मी करते."

म्हाळसाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मला वाटतं, पहिल्यांदाच.

"इलाज काय, घरात नवं लेकरू आलं तर करतो तेच. बारसं. आधी वरवंट्याला कुंची घालायची, त्याला पाळण्यात निजवायचं, वरनं-खालनं फिरवायचं. काय इडापिडा असंल ती दगडाला. मागनं लेकरू."

"चार पाळण्यांना चार वरवंटे लागतील."

"गावात वरवंट्याला काय तोटा हाय व्हय?"

"मग सोमवारी सकाळी करू. बाई यायच्या आत."

सोमवारी सकाळी काय गंमत होती! जी ती पदराखाली झाकून वरवंटा आणतेय, जशी बाळंतीणच निघाली. मी माझ्या वरवंट्याला नातवाची जरीची कुंची घातली. कुणी काजळाचं बोट लावलं. म्हाळसाबाई हरभऱ्याच्या घुगऱ्या करून आली. बायका आल्या, कडेवर लेकरंही होती, पण अजून कुणी खाली ठेवत नव्हतं. चार पाळण्यांत चार वरवंटे निजवले, अंगावर दुपटी घातली, आणि तेवढ्यात दारात जीप थांबली. बाई वेळेआधीच आल्या.

शुभांगीबाई त्यांचं नाव. चष्मा, खांद्याला पर्स. आत आल्या आणि पाळणे बघून चवड्यांवरच चालायला लागल्या. "झोपलीत वाटतं," असं हळूच म्हणत त्यांनी पहिल्या पाळण्यातलं दुपटं बाजूला केलं. काळा दगड, डोक्यावर जरीची कुंची. दुसऱ्याचं काढलं. तोही दगड, वर गालाला तीट.

"ही काय चेष्टा आहे?"

शिवकन्याला थाप मारता आली असती. लेकरं आजूबाजूला होतीच, रोज येतात म्हणाली असती तर कुणी नाही म्हटलं नसतं. तिनं तसं केलं नाही.

"बाई, आजपर्यंत एकही लेकरू इथं आलं नाही," ती म्हणाली. "पाळणे रिकामे हलवले गेले, म्हणून आयांच्या मनात भीती आहे. ती आज काढतोय. हे झालं की लेकरं येतील. नाही आली तर पाळणे घेऊन जा."

बाहेर दीपाली पोरीला घेऊन उभी होती. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"मला आज हजेरी लिहायची आहे," बाई म्हणाल्या. "दगडांची लिहू का?"

"लिवा की," म्हाळसाबाई म्हणाली. "हे थोरले. गप निजल्यात बगा, रडत न्हायती. धाकटे मागनं येतेत."

एक हसली, मग दुसरी, मग सगळी खोली हसायला लागली. बाईंनी ओठ दाबून धरले, पण त्यांनाही जमलं नाही. पर्स खुंटीला अडकवून त्या सतरंजीवर बसल्या. म्हाळसाबाईनं मग काय करावं? वरवंटा उचलून पाळण्याखालून थेट त्यांच्याच हातात दिला.

"जपून. मान धरा."

बाईंनी खरंच मान धरली.

चारही पाळण्यांचं रीतसर झालं. वरवंटे बाजूला निघाले. आता पहिलं लेकरू कुणाचं? सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. पलीकडं भट्टीवरून बलभीमरावांची हाक आली, "दीपाली! मला मालक म्हणत्यात गं, हिथं उलथणं धरून हात गेला माझा!"

दीपालीनं पोरीला पुढं केलं, पण सासूकडं बघत थांबली. म्हाळसाबाईनं नातीला घेतलं. तिचे पाय पुसले, ओठ हलवून देवाचं नाव घेतलं आणि स्वतःच्या हातांनी तिला पाळण्यात ठेवलं. पोरीनं आधी वरच्या कड्याकडं बघितलं, मग आईकडं, आणि जो सूर लावला! दीपाली वळली.

"जा तू," म्हाळसाबाई म्हणाली. "दूध खाली लागंल."

दीपाली पळत गेली. शिवकन्यानं पाळण्याची दोरी धरली आणि उमरग्याकडं म्हणतात तसलं काहीतरी कानडी गुणगुणली. पोरगी अवाक झाली. असली भाषा तिनं कधी ऐकली नव्हती. ती गप्प झाल्यावर दुसरी आई पुढं झाली, मग तिसरी. पाळणे पुरले नाहीत, उरलेली सतरंजीवर बसली आणि एकमेकांची खेळणी ओढायला लागली. शुभांगीबाईंनी प्रत्येक लेकराचं नाव विचारून हजेरी लिहिली, घुगऱ्या खाल्ल्या आणि गेल्या. पाळणे राहिले.

म्हाळसाबाई त्यानंतर दुपारी शेळ्या झाडाखाली बसवून रोज पाळणाघरात यायची, आणि सेविकेलाच चार गोष्टी शिकवायची. कोरोनाच्या आदल्या वर्षी ती गेली. शुभांगीबाईंची लातूरला बदली झाली. तिकडं नवा पाळणा आला की त्या आधी गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावतात, असं कानावर आलं. रामहरी पुढची निवडणूक हरले. बलभीमरावांनी भट्टी लेकाकडं दिली आणि आता ते गुडघे धरून माझ्यासारखेच ओट्यावर बसतात. कोरोनात पाळणाघर बंद पडलं, पुढं ते अंगणवाडीत भरायला लागलं. शिवकन्या आता उमरग्याला असते, नव्या सेविकांना शिकवते. दिवाळीला येते तेव्हा माझ्याकडं चहा घेतल्याशिवाय जात नाही. दीपालीनं बचत गटातल्या चौघींना घेऊन ईटला स्वतःची भट्टी घातली. बिराप्पा अजून मेंढरं राखतो, पण पावसाळ्यात घरी असतो. ज्ञानेश्वरी गावातल्याच शाळेत तिसरीत आहे, आणि सुट्टीत हट्ट करून बापाबरोबर रानात जाते.