बॅकअप काढ

दिपालीचं कानाचं मशीन शेरडांच्या पाण्याच्या डोणीत पडलं आणि सकाळपर्यंत पाण्यातच राहिलं. तिच्या आजोबांनी, ज्ञानबांनी, ते पुसलं, उन्हात वाळवलं, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, पण ते काही बोलेना. मग पोरीला घेऊन ते माळशिरसहून एसटीने माझ्याकडे आले. मी सोलापुरात होटगी रोडवर एका ट्रस्टचं श्रवण केंद्र चालवते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांना आधी ऐकायला आणि मग बोलायला शिकवायचं, हे माझं काम. या धंद्यात आमच्या प्रभाचा आवाज चढा झालाय असं माझ्या घरचे म्हणतात. आवाजाचं मला माहीत नाही, पण त्यांना राग म्हणायचा असेल तर ते खरं आहे.

दिपाली सात वर्षांची. ऑपरेशन करून तिच्या कानाच्या आत एक बारीक तार बसवलेली आहे आणि बाहेर, कानामागे, हे मशीन. मशीन आवाज पकडतं आणि तारेवर ओळीने असलेल्या बारीक टोकांना हलकी वीज देतं. त्या विजेलाच मेंदू हळूहळू आवाज समजायला लागतो. कुठल्या टोकाला किती वीज द्यायची हे प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. कमी पडली तर ऐकू येत नाही, जास्त झाली तर मूल किंचाळतं आणि मशीन भिरकावून देतं. या सगळ्या जुळणीला आम्ही मॅप म्हणतो. दिपालीचा मॅप बसवता बसवता माझ्या नाकी नऊ आले होते. तिची काही टोकं सुरू केली की ऐकू यायचं राहिलं बाजूला, गालच उडायचा. एकदा माझ्याकडून वीज जास्त गेली, तर महिनाभर तिने मला डोक्याला हात लावू दिला नव्हता. अशी तीन वर्षं काढल्यावर गेल्या दिवाळीत ती फोनवर आईशी बोलायला लागली.

या फोनची किंमत कळायला तिचं घर माहीत हवं. तिचे आईबाप मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने लांब असतात. पोरगी आजोबांपाशी. तोंडाकडे बघून ओठांवरून बोलणं ओळखायची तिची सवय, पण फोनला ओठ नसतात. त्यामुळे आई परगावी गेली की पोरीसाठी ती नव्हतीच. आता रोज संध्याकाळी आई फोन करते, पोरगी तिला 'जेवलीस का' विचारते आणि शेळीने किती पिल्लं दिली ते सांगते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ज्ञानबांनी मला सांगायला फोन केला आणि त्यांना बोलवेचना.

तर बिघडलेल्या मशीनच्या बदली नवं मशीन आलं होतं. त्यात संगणकातल्या फाईलमधला जुना मॅप भरायचा, की झालं. चहा होईपर्यंत संपणारं काम. ज्ञानबा बाहेर बाकावर बसले, दिपाली माझ्यासमोर खुर्चीत पाय हलवत बसली आणि मी तिची फाईल उघडायला गेले. ती उघडेना. पडद्यावर आलं की किल्ली उपलब्ध नाही. मी दुसऱ्या एका जुन्या मुलाची फाईल उघडून पाहिली. तीही नाही. गेल्या महिन्यात आलेल्या नव्या मुलाची मात्र लगेच उघडली.

हे किल्लीचं प्रकरण असं. मुलांची माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून ट्रस्टने सगळ्या फायली कुलूपबंद केल्या आणि कागदावर काहीही ठेवायचं नाही असा हुकूम काढला. कुलपांच्या किल्ल्या केंद्रात नसतात. एका मोठ्या कंपनीची खास यंत्रं भाड्याने घेतलेली आहेत, त्यांच्या पोटात असतात. अशा यंत्रांच्या समूहाला क्लस्टर म्हणतात. तो क्लाऊडमध्ये असतो म्हणतात, म्हणजे आपल्याला कधी दिसत नाही. यंत्र बिघडलं तरी किल्ली राहावी म्हणून तिची प्रत ठेवतात, तो बॅकअप. आणि हे सगळं जुळे सोलापुरातली एक छोटी फर्म सांभाळते. फर्म म्हणजे मालक वेणीमाधव आणि हाताखाली चार पोरं. आमचं काम त्यातली उर्वी बघायची.

मी फोन केला तशी उर्वी स्कूटीवरून धावत आली. हुशार पोरगी, कामसू, बोलायला कमी. माझ्या संगणकावर तिने ती काळी खिडकी उघडली, जिच्यात माऊस चालत नाही, नुसते हुकूम लिहायचे. एक ओळ लिहिली, एंटर दाबलं. उत्तरात काही आलं नाही. दुसरी ओळ लिहिली. तरी काही नाही. मग तिने हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "अगं, बोल की."

"मॅडम, जुन्या क्लस्टरचे बॅकअप नाहीत," ती म्हणाली. "मीच काढले."

थोडं थोडं करून तिच्याकडून कळलं ते असं. नवा क्लस्टर घेतला होता. नव्या मुलांच्या किल्ल्या तिथे तयार होत होत्या, जुन्या मुलांच्या किल्ल्या बॅकअपमधून तिकडे न्यायच्या होत्या. बॅकअप किती दिवस ठेवायचे ती सेटिंगही बदलायची होती. वेणीमाधव भाचीच्या लग्नाला अक्कलकोटला गेले होते. मंडपातूनच त्यांनी फोन केला: जुन्या क्लस्टरचे बॅकअप काढ, सेटिंग बदल, मग जुना क्लस्टर बंद कर. मागे बँड वाजत होता, पण शब्द स्वच्छ ऐकू आले. तिने तीन ओळी लिहिल्या. पहिलीने जुने बॅकअप काढून टाकले, दुसरीने सेटिंग बदलली, तिसरीने जुना क्लस्टर बंद केला. त्या काळ्या खिडकीत नक्की ना, असं कुणी विचारत नाही. सांगितलं की करून मोकळी होते.

तिला वाटलं, किल्ल्या सरांनी आधीच तिकडे नेल्या असतील, आता सगळी आवराआवरच चालली आहे. आणि काढलेला बॅकअप आठवडाभर परत आणता येतो, म्हणून ती निर्धास्त होती. तो आठवडा केव्हाच उलटला होता. आमच्याकडे जुनी मुलं सहा-सहा महिन्यांनी येतात, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

एवढ्यात वेणीमाधव आले. मी त्यांना फोनवर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यामुळे ते लवकर आले. आल्या आल्या त्यांनी कानावर हात ठेवले. मी काढ म्हणालो, म्हणजे घे म्हणालो, असं त्यांचं म्हणणं. बॅकअप काढणं म्हणजे प्रत घेणं, कुणालाही विचारा, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. उर्वी हळू आवाजात म्हणाली की सर, 'जुन्या क्लस्टरचे' आणि 'बंद कर' हेही तुम्हीच म्हणालात. वेणीमाधवांनी पुन्हा काढ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शाळामास्तरांच्या घरातले ते, शुद्ध मराठीचा त्यांना फार अभिमान. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण या शब्दाशी माझी जुनी झटापट आहे. ऐकणारी मुलं तो आपोआप शिकतात, माझ्या मुलांना एकेक करून शिकवावा लागतो. चित्र काढ म्हणजे नसलेलं कागदावर आण. चप्पल काढ म्हणजे असलेली पायातून दूर कर. फोटो काढ, काटा काढ, विहिरीतून पाणी काढ, दुसऱ्याची खोडी काढ. याच दिपालीला मी एकदा चित्र काढ म्हटलं, तर खुर्चीवर चढून तिने भिंतीवरचं चित्र उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. मी हसले होते. ध चा मा करायला निदान कुणीतरी लबाड लागतो. इथे कुणी अक्षरही बदललं नव्हतं. दोघंही खरं बोलत होते आणि किल्ल्या गेल्या होत्या.

मी वेणीमाधवांना विचारलं की कंपनीला सांगून काही होईल का. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला, बराच वेळ इंग्रजीत बोलले आणि शेवटी नुसतं थँक्यू म्हणाले. किल्ली बाहेर कुणालाच मिळू नये अशीच ती यंत्रं बनवलेली असतात. कंपनीलाही ती मिळत नाही. ज्यासाठी घेतलं, ते काम यंत्राने चोख केलं होतं.

फोन खिशात ठेवून वेणीमाधव मला म्हणाले, "बाहेर त्या आजोबांना एवढं खोलात कशाला सांगायचं? तांत्रिक बिघाड झालाय म्हणा. नव्या मशीनला जुना मॅप चालत नाही म्हणा. त्यांना काय कळणार आहे?"

खरं सांगते, मला मोह झाला. ज्ञानबांच्या तोंडावर काय सांगायचं याची मला भीती वाटत होती. मी काही बोलायच्या आत उर्वी उठली आणि दार उघडून बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले.

ती बाकाजवळ उभी राहिली. दोन्ही हातांनी ओढणीचं टोक धरलं होतं. म्हणाली, "आजोबा, दिपालीची जुनी सेटिंग गेली. माझ्या हातून गेली. मशीनचा काही दोष नाही."

ज्ञानबा माझ्याकडे बघायला लागले. "म्हंजी काय वो, बाई?"

मी सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. कुठली टोकं तिला सोसत नाहीत त्यातली दोन मला आठवतात, बाकीची नाहीत. हळूहळू चढवत जायचं. काही आठवडे, कदाचित काही महिने. पहिल्यासारखं होईलच असं मी म्हणाले नाही.

ज्ञानबा पागोट्याचा सुटा पदर बोटाला गुंडाळत राहिले. उर्वीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग म्हणाले, "तिची आय आज सांजच्याला फोन करंल. पोरगीला ऐकू न्हाय आलं तर तिला काय सांगू मी? ती तितनं मेंढरं टाकून येनार हाय का?"

मी म्हटलं, आत चला, आत्ताच सुरू करू. वेणीमाधवांना मी जायला सांगितलं, ते गेलेही. उर्वी म्हणाली, मी थांबते, काही मदत लागली तर. मला तिची कीव आली. मी तिला दिपालीच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं, पोरीला तिचा चेहरा ओळखीचा होता.

पद्धत अशी असते. मुलाच्या एका हातात मणी आणि समोर वाटी. मणी गालाशी धरायचा. टूं असा आवाज ऐकू आला की मणी वाटीत टाकायचा. तो आवाज मशीनमधून थेट कानातल्या तारेत जातो, खोलीत दुसऱ्या कुणालाही ऐकू येत नाही. मी सोडला की पडद्यावर एक हिरवा ठिपका लागतो, एवढंच. दिपालीला हा खेळ पाठ होता. मी नवं मशीन तिच्या कानामागे लावलं आणि अगदी कमी विजेपासून सुरुवात केली. एक टोक घेतलं, आवाज सोडला. काही नाही. थोडा वाढवून सोडला. तिने मणी वाटीत टाकला.

ज्ञानबा सावरून बसले. मी पुन्हा तेवढाच सोडला, पुन्हा मणी पडला. दुसरं टोक घेतलं. मणी पडला. तिसऱ्यालाही पडला. उर्वीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ती हसत होती आणि पुसत होती. ज्ञानबा म्हणाले, "येतंय की वो बाई, समदं येतंय." मलाही क्षणभर वाटलं की इतकी वर्षं ऐकलेलं कान विसरत नाहीत, आणि मी भराभर पुढे गेले.

एवढ्या कमी विजेवर कुणालाच ऐकू येत नसतं, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग मी पडद्यावरून नजर उचलली आणि पोरीकडे पाहिलं. ती वाटीकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती उर्वीच्या तोंडाकडे बघत होती. उर्वीला माझा पडदा दिसत होता. हिरवा ठिपका लागला की तिचा श्वास अडायचा आणि भुवया जराशा वर जायच्या. तिला स्वतःला ते माहीतही नव्हतं. पोरीला मात्र कळलं होतं की मणी पडला की सगळे खूश होतात.

मी उठले. उर्वीला खांद्याला धरून उठवलं आणि तिची खुर्ची भिंतीकडे फिरवली. ती का म्हणून विचारायला वळली, मी मानेनेच नको म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग मी माझा चेहरा कागदाने झाकला आणि पहिल्या टोकावर परत गेले.

आवाज सोडला. वाढवला. पुन्हा वाढवला. त्याच्या पुढे जायला माझा हात धजेना, हे टोक गाल उडवणारं होतं की नव्हतं ते मला आठवत नव्हतं. दिपाली ताठ बसली होती. मणी गालाशी घट्ट धरलेला, डोळे उर्वीच्या पाठीवर.

ज्ञानबांनी हलक्या आवाजात विचारलं, "बाई, चालू केलं न्हवं?"

"केव्हाच केलंय, आजोबा," मी म्हटलं.