शिवकांताच्या नावावरचा लाल ठिपका

मी एक जुने दाखल-खारीज रजिस्टर आहे. मित्रांनो, महाविद्यालयात कोण आले, कोण गेले, ते माझ्या पानांत लिहितात. बीड जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात सिद्धलिंग कारकुनांनी पहिल्या दिवशी मला विभूती लावली, तेव्हा मी केवढे फुशारले होते! पण स्वभावाने मी भित्रेच. लाल शाई दिसली की माझी पाने थरथरतात. नावावर लाल रेघ ओढली की विद्यार्थी खारीज.

सिद्धलिंगकाकांची एक सवय होती. लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या मुलीचे नाव ते खोडत नसत. शेजारी पेन्सिलीने सासरचे गाव लिहीत. 'शिवकांता, उमापूर.' अशा सात मुली मी सांभाळत होते.

१९९५ साली विधिमंडळाने कायदा केला. आमचे महाविद्यालय आता विद्यापीठ होणार! गावात पेढे वाटले. मी मात्र धास्तावले. एक ऑगस्टला रजिस्टरात ज्यांची नावे असतील, तेच विद्यापीठाचे विद्यार्थी होणार होते. बाकीच्यांना दार बंद.

जुलै संपत आला तेव्हा नवे अधिकारी आले. पेन्सिलीच्या नोंदी पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वर्ष वर्ष गैरहजर! खोडा ही नावं."

"सायेब, पोरी सासरी गेल्यात, मेल्या न्हाईत. कावून खोडायचं?" काका म्हणाले.

"एकतीस तारखेला पाचपर्यंत जी सही करील, तिचंच राहील."

काकांनी एसटीच्या कंडक्टरांच्या हाती सात गावांना चिठ्ठ्या धाडल्या.

एकतीस तारखेला दिवसभर कुणीच आले नाही. पाच वाजले. साहेबांनी लाल पेन उघडले. एक रेघ, दुसरी, तिसरी. माझी पाचावर धारण बसली. सहा झाल्या. निब शिवकांताच्या नावाला टेकली, एवढ्यात दारात चपला वाजल्या.

"काका, लई उशीर झाला का? गेवराईत गाडी चुकली!" शिवकांता धापा टाकत होती.

"आदी सही कर, बाई!"

साहेबांनी दाराकडे पाहिले. मग त्यांनी कागदावरून पेन उचलले आणि तिने सही केली. तिच्या नावावर फक्त ठिपका राहिला. माझ्या जिवात जीव आला, पण त्या सहा रेघा आजही जळजळतात.

काका कधीच निवृत्त झाले. मी अडगळीच्या खोलीत आहे आणि वाळवी पुठ्ठ्यापर्यंत आली आहे. फार भीती वाटते. मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा. आणि उद्या तुमच्या हाती लाल पेन आले, तर नाव खोडण्याआधी एकदा दाराकडे बघा.